काचेवरचं कुंकू

नदीकाठची छबी काढायला भिसेगावात आलेल्या हौशी रावसाहेबांनी धुणं धुणाऱ्या जयवंता नावाच्या बाईलाही छबीच्या यंत्रासमोर उभं केलं. मग काळ्या तंबूत शिरून ते छबी उमटलेली काच घेऊन आले आणि ती उजेडात धरली.

जयवंता पाहते तर काय, काचेवर तिचं तोंड काळंठिक्कर, केस पांढरेफटक, आणि कुंकूही पांढरं! नवरा सकाळपासून लाकडाला डोंगरात गेलेला.

"रावसाहेब, माजं कुंकू कुटं गेलं वो?"

"अगं, काचेवर काळं-पांढरं सगळं उलटंच दिसतं. कपाळावर आहे की तुझं कुंकू!"

"हाय नव्हं?" म्हणत तिनं ओल्या हातानं कपाळ चाचपलं.



बोटं लाल झाली तेव्हा तिला कळलं, आपल्याच हातानं आपण कुंकू पुसलं.