आणखी एक पातेलं

“हे एक राहिलंच,” म्हणत सासऱ्यांनी आणखी एक पातेलं तिच्यापुढे ठेवलं.

ते पातेलं तिने सकाळीच घासलं होतं. आता त्याच्या तळाशी तेलाचा ओघळ होता. म्हातारा मुद्दाम भांडी खरकटी करतो की काय, असं तिच्या मनात आलं. पण एकदा तोंड उघडलं तर आपण थांबणार नाही, हेही तिला ठाऊक होतं. तिने मुकाट्याने पातेलं टबात बुडवलं. पाणी कोमट होतं. तेही त्यांनीच तापवून आणलं होतं. थंड पाण्याने तेल निघत नाही म्हणे.

बाहेरच्या खोलीत तिचं शिलाई मशीन पुसून, झाकून ठेवलं होतं. थोड्या वेळाने एक बाई येऊन ते घेऊन जाणार होती.

काचेची बरणी हातात फुटली आणि उजव्या तर्जनीच्या नसा तुटल्या. डॉक्टरांनी त्या जोडल्या. जखम भरली, बोट वाकायला लागलं, पण बोटाला कळत काहीच नव्हतं. सुई टोचली तरी कळेना. कापड सुती की रेशमी, तेही कळेना. बाजारात तिला सगळे ‘काजवाली’ म्हणत, इतकी तिच्या हातची काजं रेखीव असत. आता तिने केलेलं काज उंदराने कुरतडल्यासारखं दिसे. पहिलं गिऱ्हाईक भिडेपोटी काही बोललं नाही. दुसऱ्याने शर्ट परत आणून दिला. “नस जागी होईल किंवा होणारही नाही, वाट बघा,” एवढंच डॉक्टर तिला म्हणाले होते. वाट बघून बघून तिचा जीव विटला. त्या बोटाकडे बघणंही तिने सोडून दिलं. आणि मग एक दिवस ठरवून टाकलं, मशीनही डोळ्यांसमोर नको.

त्यात हे सासरे. जन्मभर त्यांनी लोकांच्या घरचे विजेचे मीटर वाचले, आणि निवृत्त झाल्यावर माणसाचं शरीर वाचायला घेतलं. दुसऱ्याची जांभई बघून आपल्याला का येते? आपल्याच हाताने आपल्याला गुदगुल्या का होत नाहीत? झोप लागता लागता पायरी चुकल्यासारखं अंग का दचकतं? “मी काय डॉक्टर आहे का, बाबा?” असं ती किती वेळा म्हणाली असेल. त्यांना उत्तराची फिकीर नव्हती. एक प्रश्न संपायच्या आत दुसरा तयार असे.

भांडी झाली की मात्र एकच प्रश्न ठरलेला. “पाण्यात बोटं का सुरकुततात गं? दाखव बघू.” मग चष्मा कपाळावरून खाली ओढून ते तिचे हात मीटरसारखे वाचत. एकदा म्हणाले होते, “नऊ सुरकुतली. हे एकच कसं गुळगुळीत राहिलं?” त्या दिवशी ती हात हिसकावून आत निघून गेली आणि उशीत तोंड खुपसून रडली. त्यानंतर त्यांनी त्या बोटाचं नाव काढलं नाही. प्रश्न मात्र रोज चालूच राहिला, आणि भांडीही वाढत गेली.

तिने पातेलं घासून पालथं घातलं. हात पुसायला फडकं घेणार, तोच तिच्यासमोर कप आला.

“आणि हा एवढा कप.”

कपात काही नव्हतं. चहाचा डागसुद्धा नव्हता. तिचं डोकं फिरलं.

“बाबा, माझं बोट गेलं. माझं काम गेलं. आता मशीनही जातंय. आजच्या दिवस तरी मला असं राबवू नका.”

सासऱ्यांनी कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, “बोटं दाखव बघू.”

तिने रागाने दोन्ही पंजे त्यांच्या नाकासमोर धरले. “घ्या. काय बघायचं ते एकदाच बघून घ्या.”

त्यांनी चष्मा खाली ओढला. बघितलं. चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा बघितलं. मग तिचा उजवा हात धरून तिला खिडकीशी उजेडात नेलं.

एवढ्यात दार वाजलं. मशीन न्यायला आलेली बाई उंबऱ्याशी उभी होती.

“माफ करा, बाई,” सासरे मागे वळूनही न बघता म्हणाले, “मशीन द्यायचं नाही. काजवालीला ते लागणार आहे.”

“बाबा, काय बोलताय तुम्ही?”

“नस जागी असेल तरच बोट पाण्यात सुरकुततं, पोरी. तू औषधं आणायला खाली गेली होतीस तेव्हा डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. हात कोमट पाण्यात चांगला अर्धा तास भिजू द्यायचा आणि बघायचं. तुला सांगितलं असतं तर रोज तूच बघत बसली असतीस, आणि रोज रडली असतीस. म्हटलं, त्यापेक्षा आपणच बघावं.”

किती दिवसांनी तिने त्या बोटाकडे बघितलं. बटणासारख्या गुळगुळीत झालेल्या टोकावर बारीक घड्या पडल्या होत्या. इतर बोटांच्या मानाने अगदी पुसट, पण होत्या. तिने अंगठा त्यावरून फिरवला. बोटाला अजून काही कळलं नाही. तिला मात्र कळलं, आणि तिचे डोळे भरून आले.

सासऱ्यांनी कोपरापर्यंत बाह्या सारल्या आणि टबासमोर बसकण मारली.

“सरक बाजूला,” ते म्हणाले. “आजपासून भांडी मी घासतो.”