हाताची घडी

“म्हण, आई,” काळसेकरबाई म्हणाल्या आणि त्यांनी वत्सलाची बोटं स्वतःच्या गळ्यावर टेकवली.

“आ… ई.”

समोर बसलेल्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. जन्मापासून बहिरी असलेली तिची सात वर्षांची पोर आज पहिल्यांदा हाक मारत होती.

वत्सलाला मात्र दुसरंच सांगायचं होतं. या निवासी शाळेत हातांनी बोललं की मनगटं मागे रिबिनीनं बांधत. मग डोळे पुसता येत नसत, अंगाला खाज सुटली तरी खाजवता येत नसे. एवढं सगळं सांगायला तिच्याकडे तोंडाचा एकच शब्द होता.

बाईंनी तिला पुन्हा हाताची घडी घालायला लावली. त्यांची पाठ वळताच तिनं ती सोडली आणि मनगटावर मनगट ठेवून दाखवलं. आईनं मान फिरवली. खुणांकडे बघितलंत तर ती कधीच बोलणार नाही, असं बाईंनी बजावलं होतं.

वत्सलानं आईची हनुवटी धरली, तिचा चेहरा आपल्याकडे वळवला आणि पुन्हा तीच खूण केली. या वेळी आईला मनगटांवरचे लाल वळ दिसले.

“बाई, हिचे हात बांधता तुम्ही?”

“शाळेची शिस्त आहे ती. त्याशिवाय बोलायला कशी लागणार?”

“बोलतेय की ती. मीच बघत नव्हते,” आई म्हणाली आणि तिनं पोरीची ट्रंक उचलली.

एसटी स्टँडपर्यंत वत्सलाचे हात थांबले नाहीत. तिचं सगळं बोलणं दिसावं म्हणून आई डोक्यावर ट्रंक घेऊन, रस्ताभर तिच्याकडे तोंड करून उलटी चालत होती.