वर वळलेली कळी

खाली लोंबणारी कळी मान उचलून वर बघायला लागली, तशी सुनेनं नणंदेला फोन लावला.

"आज रात्री, फार तर उद्या," ती म्हणाली.

"नक्की ना, वहिनी? मागच्या वेळी मी रजा टाकली आणि तुमची कळीच गळली. वडील सिरियस आहेत म्हणून साहेबाला सांगायचं तरी किती वेळा?"

सिरियस कुणीच नव्हतं. वडील आतल्या खोलीत उशीला टेकून सूप प्यायची वाट बघत होते. चमचा सुनेनंच धरायचा, कारण त्यांच्या हाताला कंप होता.

जन्मभर त्यांनी घड्याळं दुरुस्त केली. ज्या दिवशी देतो म्हटलं, त्या दिवशी घड्याळ दिलं. मग अंगात ताप असो की घरात मयत. बायको गेली त्या संध्याकाळीही एका गिऱ्हाइकाकडे भिंतीवरचं घड्याळ पोचतं करून आले होते. वर "थोडं पुढे जातंय, लक्ष ठेवा" असं बजावलंही होतं. त्यामुळे हॉस्पिटलात सगळे खाटेभोवती जमलेले असताना ते "हिनं लावलेलं ब्रह्मकमळ एकदा फुललेलं बघतो आणि निघतो" असं म्हणाले, तेव्हा ते कुणी नुसतं बोलणं म्हणून घेतलं नाही. तारीख मिळाली अशा समाधानानं मंडळी आपापल्या घरी गेली. डॉक्टरांनी दिलेली मुदत केव्हाच उलटली, पण डॉक्टर काही घड्याळजी नव्हते.

त्या झाडाला सासूच्या हयातीत कधी कळी धरली नव्हती. सुनेनं मनावर घेतलं. माती बदलली, अंड्यांची टरफलं कुटून घातली, सकाळचं ऊन दिलं, दुपारचं चुकवलं. फुललेलं बघायचं राहून जायला नको म्हणून कुंडी सासऱ्यांच्याच खिडकीत, पलंगाच्या अगदी हाताशी ठेवली. शेजारणी म्हणायच्या, "सासऱ्याच्या इच्छेसाठी किती करते बिचारी. पोटची मुलगी करणार नाही." सून मान खाली घालायची. त्यांना तो विनय वाटायचा.

पूर्वी ती दातांच्या दवाखान्यात कवळ्या घडवायची. स्वतःचं टेबल होतं, स्वतःचा दिवा होता, आणि समोरचे दात "जरा टेकव मला" म्हणत नसत. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी जागा अडवून ठेवली होती; परवाच त्यांचा निरोप आला, आता फार थांबता येणार नाही. सासरे वाईट नव्हते. वाईट असते तर सोपं गेलं असतं. ते मरावेत असं तिला कधीच वाटलं नाही. फूल फुलावं, एवढंच वाटायचं.

पण कळी उमलायच्या बेताला आली की गळायची. दर वेळी. सुनेनं मुंग्यांची पावडर टाकली, उंदरांचा पिंजरा लावला, वरच्या मजल्यावरच्या मांजरावर आळ घेऊन त्या घराशी बोलणं सोडलं. मात्र देठ नेहमी साफ तुटलेला असायचा. दातांवर अर्धं आयुष्य काढलेल्या बाईला एवढं कळत होतं, की हे दातांचं काम नव्हे.

संध्याकाळी सासऱ्यांनी नेहमीसारखं दुकानातलं जुनं भिंग डोळ्याला लावून कळी तपासली.

"तब्येत उत्तम आहे," ते म्हणाले. कुणाची, ते त्यांनी सांगितलं नाही.

"उमललं की मला उठव," नवरा म्हणाला. "आधी फोटो काढू, मग बाबांना दाखवू." आणि घोरायला लागला.

सून सासऱ्यांच्या खोलीच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसली. बसल्या बसल्या डोळा लागला. जाग आली ती वासानं. थंड, गोड, जरासा औषधी वास दाराच्या फटीतून बाहेर येत होता. तिच्या छातीत धडधडलं. आनंदानं की कशानं, ते बघायला ती थांबली नाही. तिनं दार हळूच लोटलं.

रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड पलंगावर पडला होता. सासरे कुणाच्याही आधाराशिवाय ताठ बसले होते. डोळ्याला भिंग. डाव्या तळव्यावर अर्धवट उकललेली कळी, उजव्या हातात घड्याळाचे काटे उचलायचा बारीक चिमटा. तो हात तसूभरही थरथरत नव्हता. त्यांनी देठ चिमट्यात धरला, दाबला, एकदा पीळ दिला. कळी सुटून तळव्यावर आली.

"बाबा."

त्यांनी भिंग काढलं, पुसलं, डबीत ठेवलं. चिमटाही ठेवला.

"जागी आहेस होय."

"म्हणजे इतके दिवस हे... तुम्ही?"

"मग कोण, मांजर?"

"पण तुम्हालाच बघायचं होतं ना फूल?"

"बघायचंय की." सासरे खिडकीकडे बघत राहिले. "पण उमललं की निघावं लागेल. चारचौघांत बोलून बसलोय."

खोलीभर वास दाटला होता. पलीकडच्या खोलीतून नवऱ्याचं घोरणं संथ, एका लयीत ऐकू येत होतं. सासऱ्यांनी कळी तिच्या हातात ठेवली आणि तिची बोटं वरून मिटली. आता त्यांचा हात पुन्हा थरथरत होता.

"तू फार जपतेस गं त्या झाडाला," ते म्हणाले. "पुढच्या खेपेला जरा कमी जप."