कर्नल पुन्हा बांधायचा का?

बडोद्याजवळच्या छाणीतल्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात चाचणीचे रिपोर्ट तारखेसकट काढणारं जुनं युनिक्स मशीन रोज सुरू होताना विचारायचं, "कर्नल पुन्हा बांधायचा का?" कर्नल म्हणजे कॉम्प्युटर चालवणारा मूळ प्रोग्राम; हो म्हटलं की तो नव्याने तयार होईपर्यंत अर्धा तास वाया. शेवटी मालक राजवाडे यांनी माल न्यायला आलेल्या पारेखभाईंसमोरच यशश्रीला झापलं.

"बडोद्यात इंजिनियर पैशाला पासरी मिळतात. तुला एक प्रश्न बंद करता येत नाही?"

"कारण सापडलंय, सर."

"मग सांग की! पारेखभाईंनाही कळू दे तुझी अक्कल."

यशश्री त्यांच्याकडे न बघता पारेखभाईंना म्हणाली, "कोणीतरी मशीनचं घड्याळ सारखं मागे नेतंय. त्यामुळे नवा बांधलेला कर्नलही मशीनला जुनाच वाटतो आणि ते पुन्हा विचारतं. काल संध्याकाळी तर तारीख थेट मार्चमध्ये नेली होती."

"मूर्ख कुठली! जा, चहा सांग," राजवाडे खेकसले.

"थांबा बेन," पारेखभाई म्हणाले. "आमच्या व्हॉल्व्हची चाचणी मार्चमध्येच झाली, असं हे आत्ता सांगत होते. ती खरंच झाली का?"