हद्दीच्या अलीकडे

सव्वाअकरापर्यंत परवानगी आली नव्हती.

टगबोटीत पाणी शिरत होतं. ओढत नेलेली मालवाहू बार्ज पोचवून परतताना ती शेजारच्या देशाच्या हद्दीत बंद पडली होती, रेषेपासून अवघे नऊ मैल आत. रेषेच्या अलीकडे आपल्या नौदलाचं जहाज तासाभरापासून उभं होतं. पुढे जायला पलीकडचा होकार हवा होता.

गिरगावातल्या कंपनीच्या कचेरीत गंगाधर नाईक फोनपाशी उभे होते. बोट कंपनीची. बोटीवरची अकरा माणसं भरतीच्या एजंटाने दिलेली, पण जबाबदारी नाईकांची. वायरलेसवर अनुजा सावंत होती. चार महिन्यांपूर्वी लागलेली, कामाला चोख, बोलायला बेताची.

गेल्या वर्षीपर्यंत प्रश्नच नव्हता. शेजारी देशांचा करार होता: जो जवळ असेल त्याने माणसं काढायची, कागद मागाहून. मग तिकडे सरकार बदललं, नव्या सरकारला नवे, मोठे मित्र मिळाले, आणि करार बाजूला पडला.

नाईकांनी तिकडच्या बचाव केंद्रातल्या अधिकाऱ्याला तिसऱ्यांदा फोन लावला. संयुक्त सरावाच्या वेळी त्यांनी त्याला दादरला मिसळ खाऊ घातली होती. दर फोनला तो तिची आठवण काढायचा. आज काढली नाही. फाइल मंत्र्यांच्या टेबलावर आहे, केंद्राची बचावबोट इंजिन चालू ठेवून धक्क्याला उभी आहे, पण निघायचा हुकूम नाही, असं त्याने सांगितलं. नाईकांनी आवाज चढवला.

तो म्हणाला, "सर, गेल्या वर्षी तुम्ही सांगायच्या आधीच निघालो असतो."

इकडे अनुजा कप्तानाशी बोलत होती.

"इंजिनरूममध्ये पाणी किती?"

"छातीपर्यंत."

"खालच्यांना वर घ्या."

"सगळे आले. एक जण पंप सोडायला तयार नाही. म्हणतो, पंप थांबला तर बोट दहा मिनिटं टिकणार नाही."

"कंपनीचा हुकूम आहे म्हणून सांगा."

"सांगितलं. हसला, मॅडम."

तिने दर पाच मिनिटांनी पाण्याची पातळी विचारली आणि वहीत लिहिली. बारा चाळीसला पलीकडून नुसती खरखर आली. तिने तीही वेळ लिहिली.

चहा घेऊन आलेली गंगुबाई दारातच मटकन खाली बसली. तोंडाला पदर लावून रडताना तिने नाईकांना हळूच ऐकवलं, "काय बाईमाणूस म्हणूचा ह्या! डोळ्यात टिपूस नाय."

नाईकांच्याही मनात तेच आलं होतं.

पावणेदोनला परवानगी आली. जहाज पोचलं तेव्हा पाण्यावर तेलाचा तवंग होता आणि एक रिकामा तराफा. शोध चालू राहणार होता, पण जहाजावरून बोलणाऱ्याच्या आवाजात काही उरलं नव्हतं.

आता घरी कळवायला हवं होतं. यादी निम्मी निम्मी करू, असं नाईक म्हणाले. पहिलाच नंबर त्यांनी दोनदा चुकीचा लावला.

"तुम्ही बसा साहेब. मी करते."

ती एकेक नंबर लावत गेली. कुठे काही लपवलं नाही, कुठे खोटी आशा दाखवली नाही. रत्नागिरीकडच्या एका बाईने तिला शिव्या घातल्या. "तुझं कोण आहे का बोटीवर? तुला काय कळणार?" ती बाई दमेपर्यंत अनुजा ऐकत राहिली, मग पुढचा नंबर लावला. दहा नावांपुढे खुणा झाल्या. तिने फोन ठेवला, वही मिटली आणि पर्स खांद्याला लावली.

नाईकांनी यादी पाहिली. "एक राहिलं. पंपावरचा तो. कुशाबा तावडे, परळ. तेवढा फोन मी करू का?"

"तिथे फोन नको, साहेब," अनुजा म्हणाली. "माहेर आहे माझं. आईला मी घरी जाऊन सांगते."