देवाचा धूर

समोरचा डोंगर पेटलेला दिसला तशी बाजारात पळापळ झाली. "काका, मंदाकिनीकाकू वर एकट्याच ना?" भाजीवाली ओरडली.

"तिला घर सांभाळेल," विद्याधर म्हणाले. पाइनच्या त्या जंगलात त्यांनी स्मार्ट घरच असं बांधून घेतलं होतं, की धुराचा वास येताच खिडक्यांच्या पोलादी झडपा आपोआप लागत. वास्तुशांतीच्या होमातही त्या धाडकन लागल्या आणि गुरुजी आत खोकून बेजार झाले. होमात लाकूड पाइनचंच होतं. "हा देवाचा धूर, याला झडपा लावायच्या नाहीत," असं विद्याधरांनी तेव्हा वैतागून घराला बजावलं होतं.

फोनला आता कुठे रेंज आली. घराचा तासाभरापूर्वीचा निरोप होता: "देवाचा धूर येतोय. खिडक्या उघड्या ठेवल्यात. मंदाकिनीताई झोपल्या आहेत."