हात लागू नये म्हणून

कंपनीने दोन वर्षांसाठी परदेशी पाठवलं, तेव्हा आमच्या ह्यांना आईबाबांपेक्षा गाडीची काळजी जास्त. त्या गाडीत बसायचं तर आधी चपला-बूट काढून हातात घ्यायचे, असा ह्यांचा कायदा. धाकटे भाऊजी म्हणाले, "दादा, ठेव की माझ्याकडे. जिवापाड जपीन."

"तुझ्याकडे? माकडाच्या हाती कोलीत!" हे म्हणाले, आणि गाडी जहाजाने सोबत न्यायचं ठरवून मोकळे झाले.

गाडी कंटेनरमधून अलगद उतरली, अंगावर एक ओरखडा नाही. मग कळलं, की इथे राहायला आलेल्यांना आपलं लायसन्स चालत नाही, इथली परीक्षा द्यावी लागते. ह्यांनी दिली, आपटले. पुन्हा दिली, पुन्हा आपटले. दोन्ही वेळा अक्कल परीक्षकालाच नव्हती म्हणे. गाडी कव्हर पांघरून बिल्डिंगखाली झोपलेली, आणि हे तिच्याकडे बघत बसच्या रांगेत.

फक्त पाहुणे म्हणून आलेल्यांना आपल्या लायसन्सवर गाडी चालवता येते, हे कळलं मात्र, ह्यांना भावाच्या प्रेमाचं भरतं आलं. लगेच फोन. "अरे, किती दिवसांत भेट नाही! ये की दोन-तीन महिने. तिकीट मी काढतो."

भाऊजी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी हे ऑफिसची बॅग घेऊन ऐटीत गाडीपाशी गेले. स्टिअरिंगवर बसलेल्या भाऊजींनी काच खाली केली.


"दादा, आधी बूट काढून हातात घे."